डेकाटे सर आणि मरणोन्मुख झडत्या

आमच्या गल्लीत कोणी वारलं की डेकाटे सर सगळ्यांच्या आधी पोचायचे. दारातल्या गर्दीत हात मागे बांधून उभे राहायचे आणि बराच वेळ मान हलवून झाल्यावर म्हणायचे, "एक स्रोत गेला." गेलेल्या माणसाच्या सुनेला यातलं काही कळायचं नाही. सर शिकलेले, शास्त्रातलं काहीतरी बोलले असतील, असं समजून ती पदर तोंडाला लावून आणखी रडायची. सरांना मात्र खरंच वाईट वाटलेलं असायचं. त्या म्हाताऱ्याला कितीतरी म्हणी, गाणी, जुन्या गोष्टी येत होत्या आणि त्या लिहून घ्यायच्या आधीच तो निघून गेला, याचा त्यांना थोडा रागही आलेला असायचा.

आता सरच गेले. बातमी कळल्यावर परगावाहून परत येऊन त्यांच्या दारात उभी होते तेव्हा कोणीतरी हे वाक्य म्हणावं असं मला फार वाटलं. पण गल्लीत तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं.

मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. गुणवंत डेकाटे सर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले, घर माझ्या दुकानासमोर. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, गुडघ्यांना तेल लावतात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन सरकार चालवतात. सरांनी अनुदानाचे अर्ज करायला घेतले. देशात लोकसंस्कृतीच्या कामाला पैसा देणाऱ्या संस्था आहेत हे त्यांना वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात सापडलं, आणि त्या दिवसापासून सर गल्लीत राहायचे पण वसती प्रस्तावात.

अर्ज करायला आधी स्वतःची एक संस्था लागते. वर्ध्यात ती अडचण नाही. आमच्याकडे बसमध्ये शेजारी खादीचा कुर्ता येऊन बसला तर तो अध्यक्ष असतो, नाहीतर सचिव तरी असतोच. साधा सदस्य मी अजून पाहिलेला नाही. सरांनी 'लोकसंस्कृती संवर्धन मंडळ' काढलं. अध्यक्ष स्वतः झाले आणि काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, न विचारता कोषाध्यक्ष करून टाकलं. काकू मला म्हणाल्या, "कोषात चहापत्ती हाये न साखर हाये. ते मी सांभाळूनच राह्यली होती आतालोक. नवीन काय झालं?"

सरांना दोन भाषा यायच्या. एक घरची, आंजी या त्यांच्या गावची. ती भाजीवाल्याशी, काकूंशी आणि माझ्याशी. दुसरी प्रस्तावाची. प्रस्तावाच्या भाषेत शेजारी 'हितसंबंधी घटक' व्हायचे, गप्पा 'सहभागी संवाद' व्हायच्या, आणि कोणी काही ऐकून विसरून गेलं तर तो 'पिढीगत संक्रमणातील खंड' असायचा. माझ्या दुकानात खुर्ची ओढून बसले की ते दुसऱ्या भाषेत मजकूर सांगायचे आणि पहिल्या भाषेत त्यावर टीका करायचे. "'सदर प्रकल्पाद्वारे समुदायाच्या सामूहिक स्मृतीचे सबलीकरण साधले जाईल.' लिहिलं काय बाई? कायी अर्थ नाई त्याचा, पन राहू द्या. त्याईले आवडते."

प्रकल्प एकच होता: झडत्या. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैल सजवून गावच्या तोरणाखाली उभे करतात. तेव्हा एकेक गडी पुढे होऊन यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी ठणकावून म्हणतो, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला' म्हणतो आणि सगळा गाव 'हर हर महादेव' करतो. ती झडती. तिच्यात देवाचं नाव थोडं आणि शेजाऱ्याची फजिती जास्त. आंजीत वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला तोरणाच्या दोन बाजूंना उभे राहतात. एका बाजूने झडती टाकली की दुसरीने उत्तर दिलंच पाहिजे. ज्यांचं तोंड बंद पडलं त्यांचे बैल पुढच्या पोळ्याला मागच्या रांगेत. माणूस मागच्या रांगेत उभा राहिला तर कोणाला काही वाटत नाही, बैलाचं तसं नाही.

सर जन्माने खालच्या मोहल्ल्याचे. त्यांना या सगळ्या झडत्या जमवायच्या होत्या, म्हाताऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या होत्या आणि एक चांगलं जाड पुस्तक काढायचं होतं. ही इच्छा खरी होती. बाकीचं सगळं तिच्यावर चढवलेलं होतं.

पहिला प्रस्ताव त्यांनी सरळ लिहिला होता. आमच्या गावात झडत्या म्हणतात, लोक फार हसतात, त्या लिहून ठेवाव्यात. तो परत आला. त्या दिवशी सरांनी दुकानात बसून एक सिद्धांत मांडला, जो मी पुढे इतक्यांदा ऐकला की झोपेतही टाईप करू शकेन.

"बाई, जित्या गोष्टीले कोनी पैसा देत नाई. मेली असंन तर देतच नाई. मराले टेकली पाहिजे, पन मेली नाई पाहिजे. त्या दोहीच्या मंधात जे जागा हाये ना, तिथं अनुदान हाये."

तेव्हापासून झडत्यांची प्रकृती बिघडायला लागली. पहिल्या वर्षी त्या 'दुर्लक्षित' होत्या. पुढच्या वर्षी 'ऱ्हासोन्मुख' झाल्या, मग 'लुप्तप्राय', आणि शेवटी 'मरणोन्मुख'. इकडे आंजीत दर पोळ्याला पोरं मोबाईलवर नवीन झडत्या जुळवून एकमेकांना पाठवत होती. सर स्वतः दर पोळ्याला तिथे जात, पोट धरून हसत आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला मरणोन्मुख लिहायला सांगत.

संस्थांचीही गंमत असते. दर वर्षी त्यांना वेगळ्या गोष्टीचं प्रेम दाटून येतं. एका वर्षी महिला, दुसऱ्या वर्षी हवामान, तिसऱ्या वर्षी तरुण आणि तंत्रज्ञान. सरांनी कोणाला नाराज केलं नाही. 'झडत्या आणि हवामान बदल' मी टाईप केला आहे. 'झडत्यांमधून कौशल्य विकास'ही केला आहे. 'झडत्या आणि महिला सक्षमीकरण' सांगायला लागले तेव्हा मी थांबले. म्हटलं, सर, तोरणाखाली झडत्या पुरुष म्हणतात, बाया घराच्या ओट्यावरून ऐकतात.

"म्हूनच तर सक्षमीकरनाची गरज हाये," सर म्हणाले. "लिहा."

सगळे परत आले. 'आपला प्रस्ताव उल्लेखनीय होता, तथापि' अशी पत्रं यायची. सरांना त्या 'तथापि'ची इतकी सवय झाली होती की ते पत्र वरून वाचतच नसत, मधून उघडत. काकू विचारायच्या, "काय आलं?" सर म्हणायचे, "तथापि." काकू चहा टाकायच्या. मला वाईट वाटायचं आणि हसूही यायचं, आणि त्यातलं आधी काय यायचं ते सांगता येत नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, सर, पुरे करा आता. ते म्हणाले, "एक पाह्यचा हाये बाई. एक तरी मंजूर झालेला पाहून जावं असं वाट्टे. मास्तरकीत शंभर पोरं पास केले, पन आपन सोता एकदाबी पास नाई झालो, असं होऊन राह्यलं." एवढं बोलून ते उठले, आणि जाताना मागच्या पानावरचा समास दुरुस्त करायला सांगून गेले.

प्रस्तावाला फोटो लागायचे. 'समुदायाच्या बैठकीचे छायाचित्र जोडावे' असं लिहिलेलं असे. समुदाय काही बैठकीला येत नाही. त्याला निंदण असतं, वांगी तोडायची असतात, सकाळच्या बाजाराची गाडी भरायची असते. सरांनी तोड काढली. आंजीत त्यांच्या चुलतभावाकडे तेरवी, म्हणजे तेराव्याची पंगत, होती, तिथे ते मोबाईल घेऊन गेले. मांडव, सतरंज्या, दोन रांगांत बसलेले लोक, सगळ्यांचे चेहरे गंभीर. इतकी चांगली बैठक कुठे मिळणार? पंगतीत बसलेला एक पाहुणा म्हणाला, "गुनवंता, तेरवीत फोटू काऊन काढून राह्यला?" सर म्हणाले, "दस्तऐवजीकरण." पाहुण्याला वाटलं, जमिनीची वाटणी निघाली आहे. त्यानंतर त्या घरात जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत.

आणि मग एका वर्षी पत्रात 'तथापि' नव्हता. दूरच्या एका संस्थेने कळवलं होतं की प्रस्ताव अंतिम फेरीत आहे, आमची मूल्यमापन अधिकारी प्रत्यक्ष गावात येऊन परंपरेची स्थिती पाहील आणि मग निर्णय होईल. सरांनी पत्र मला तीनदा वाचायला लावलं. मग त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"स्थिती पाह्यले येऊन राह्यली," ते म्हणाले.

"येऊ द्या की सर."

"तिथं तर सारे ठनठनीत हायेत."

पोळा होऊन गेलेला होता हे एक बरं होतं. थंडीचे दिवस होते, झडत्यांचा हंगाम नव्हता. प्रश्न फक्त किसनाजींचा होता. किसनाजी वरच्या मोहल्ल्याचे, ऐंशीच्या घरातले, आणि झडत्यांत त्यांचा हात धरणारा आसपासच्या गावांत नाही. प्रस्तावात त्यांचं नाव 'परंपरेचे अखेरचे वाहक' म्हणून मीच टाईप केलं होतं. सर मला नोंदी घ्यायला म्हणून आंजीला घेऊन गेले. किसनाजी वाफ्याला पाणी देत होते. सरांनी त्यांना ओट्यावर बसवून समजावलं की मॅडम येतील, झडती म्हणा म्हणतील, तेव्हा तुम्ही आठवत नाही असं सांगायचं.

किसनाजी सरांकडे बघत राहिले. "मले आठवत नाई?"

"एक दिवस, किसनाजी. एक दिवस इसरा."

"माह्या बापाच्या तोंडच्या हायेत त्या. बाप इसरीन पन झडती इसरीन काय?"

"पुस्तकात पह्यल्या पानावर तुमचा फोटो येईन."

किसनाजींनी विचार केला. "फेट्यावाला का बिनफेट्यावाला?"

"फेट्यावाला."

मग तालीम झाली. मी आयुष्यात बऱ्याच तालमी पाहिल्या, गॅदरिंगच्या, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या, पण विसरण्याची तालीम तेवढीच. सर मॅडम व्हायचे, विचारायचे, आणि किसनाजी एकदोन शब्द म्हणून थांबायचे. पहिल्यांदा ते थांबलेच नाहीत, पूर्ण म्हणून मोकळे झाले. दुसऱ्यांदा थांबले पण हसले. शेवटी जमलं. कपाळाला हात लावून, "होती बावा तोंडात, आता गेली," असं त्यांनी इतकं छान म्हटलं की त्यांच्या सुनेने आतून पाण्याचा गडवा आणला.

मॅडमचं नाव ऋजुता. पुण्याची, तिशीतली, गोड बोलणारी. तिला आधी पवनार पाहायचं होतं. सर म्हणाले, "पवनार कुठे जात नाही मॅडम, झडत्या चालल्या आहेत." घरी चहा घेताना ती प्रस्तावातले फोटो पाहत होती. एका फोटोवर तिचं बोट थांबलं.

"सर, हा कोणता समाज? पुढच्या रांगेतल्या सगळ्या पुरुषांनी मुंडण केलेलं दिसतंय."

सर म्हणाले, "ते... उन्हाळ्यातलं छायाचित्र आहे."

"तेरवीचा हाये तो," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

ऋजुता खोटं पकडायला आलेली नव्हती, तिने पान उलटलं. सर मात्र आंजीपर्यंत गाडीत फाईल मांडीवर उलटी धरून बसले.

चूक झाली ती पाहुणचारात. पाहुणी मोठ्या ठिकाणची येणार म्हणून गावाने देवळासमोर खुर्च्या मांडल्या, सडा घातला, आणि दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पोळ्याचं तोरण जिथे बांधतात तिथेच, कारण खांब तेच होते. सरांनी ते पाहिलं आणि गाडीचं दार उघडं टाकून तिकडे गेले. "तोरन काऊन बांधलं?" त्यांनी कोणाला तरी विचारलं. "पाहुना ये‍ते तं बांधत नाई काय?" तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

शिवाय खुर्च्यांवर फक्त वरच्या मोहल्ल्याची माणसं बसली होती, कारण अखेरचे वाहक तिकडचे. खालचा मोहल्ला तोरणाच्या दुसऱ्या बाजूला उभा. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. सर त्यांच्यातलेच, तर त्यांनी गैरसमज करून घेऊ नये असं सरांनी गृहीत धरलं होतं.

ऋजुताने यंत्र सुरू केलं आणि किसनाजींना विचारलं. किसनाजींनी कपाळाला हात लावला. दोन शब्द म्हणाले. थांबले. "होती बावा तोंडात, आता गेली." आणि तालमीत नव्हतं ते केलं: शेल्याने डोळे पुसले. ऋजुताचेही डोळे भरले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका आनंद होता की मला वाटलं, झालं मंजूर, इथेच झालं.

तेवढ्यात तोरणाच्या पलीकडून आवाज आला. खालच्या मोहल्ल्यातले सुदामजी. किसनाजींच्याच वयाचे आणि जन्मभराचे प्रतिस्पर्धी.

"वांगं रे वांगं, भरताचं वांगं,
वरच्या मोहल्ल्यानं आनली इसरल्याची सोंगं!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव," सगळा गाव म्हणाला. म्हणणारच. त्याला 'हर बोला' म्हटल्यावर गप्प बसणं कोणी शिकवलेलंच नव्हतं.

किसनाजी खुर्चीत चुळबुळले. सरांनी मान हलवली, नाही, नाही. किसनाजींनी मांडीवर मुठी आवळल्या. मागून त्यांचा नातेवाईकच कोणी पुटपुटला, "आबाजी, बैल मागं उभे राह्यतीन." झालं. ऐंशीच्या घरातला माणूस ताडकन उभा राहिला, आणि विसरलेली एकही ओळ त्याच्याकडे नव्हती.

"मिरची रे मिरची, लवंगी मिरची,
खालच्या मोहल्ल्याले भेटली नाई खुरची!
एक नमन गौरा पार्वती..."

पुढचं मला सगळं सांगता येणार नाही, काही ओळी छापण्यासारख्याही नव्हत्या. उत्तराला उत्तर येत गेलं. शेतातली माणसं फावडी खांद्यावर घेऊन आली. शाळा सुटलेली पोरं ओट्यांवर चढली. आणि जन्मात तोरणाखाली न आलेली किसनाजींची सून पुढे होऊन सुदामजींच्या मिशीवर अशी एक टाकून गेली की सरांच्या महिला सक्षमीकरणाच्या प्रस्तावाला तो एकच पुरावा पुरला असता. ऋजुता यंत्र हातात धरून हसत होती. सर खुर्चीवर फाईल मांडीशी धरून बसले होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग सुदामजींना खोकल्याची उबळ आली, आणि किसनाजींनी डाव साधला. त्यांनी सरळ सरांकडे बोट केलं. सर झाले तरी शेवटी खालच्या मोहल्ल्याचे.

"दोडका रे दोडका, मांडवाचा दोडका,
अर्ज लिहू लिहू सर झाला रोडका!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!"

सुदामजी खोकतच होते. पलीकडून कोणी पुढे येईना. सगळा खालचा मोहल्ला सरांकडे पाहायला लागला. सरांनीही पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी आधी फाईल नीट खुर्चीवर ठेवली. मग उठले, जाकीट खाली ओढलं, चालत तोरणाच्या पलीकडे आपल्या माणसांत गेले, आणि मी कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाले,

"कांदा रे कांदा, पातीचा कांदा,
किसनाजीले शिकवला म्या रडाचा धंदा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

गावाने केलेला तो 'हर हर महादेव' वर्ध्यापर्यंत पोचला असेल. खालच्या मोहल्ल्याने सरांना उचलून घेतलं. वर उचललेले असतानाच त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण खाली उतरवल्यावर ते पहिल्यांदा फाईल शोधायला लागले. ती कोणाच्या तरी पोराने बसायला घेतली होती.

अहवालाची प्रत यायला वेळ लागला. सरांनी ती दुकानातच उघडली, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचली. परंपरा अत्यंत सुदृढ आहे. समाजाचा सहभाग उत्स्फूर्त आहे. स्त्रियांचा व तरुणांचा सहभाग लक्षणीय आहे. प्रकल्प-संचालकाचे परंपरेशी असलेले नाते विशेष उल्लेखनीय आहे. सबब बाह्य साहाय्याची आवश्यकता आढळत नाही.

"इतकं चांगलं आपल्याबद्दल कोनी लिहिलं नोतं बाई," सर म्हणाले. मग कागदाची घडी घातली. "आंजीले आपली गरज नाई, असं लिहिलं तिनं. खरं लिहिलं."

त्यानंतर सर बरेच महिने दुकानात आले नाहीत. समोरच राहायचे, फाटकात उभे दिसायचे, पण रस्ता ओलांडत नसत. आंजीला मात्र नेमाने जात. पोळ्याला गेले तेव्हा खालच्या मोहल्ल्याने त्यांना पुढे उभं केलं होतं म्हणे. कोणी त्यांना अभिनंदन म्हटलं की चेहरा पडायचा. गावाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला एका कार्यालयाने पास केलं नाही याचं दुःख होतं, आणि ते दुःख मूर्खपणाचं आहे हे काकू त्यांना रोज सांगत होत्या. मला ते मूर्खपणाचं वाटलं नाही. माणूस जे मागतो तेच त्याला हवं असतं, त्याच्याऐवजी मिळालेलं दुसरं कितीही मोठं असलं तरी.

मग एक दिवस ऋजुता परत आली. त्या संस्थेतली नोकरी तिने सोडली होती. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून काम सुरू केलं होतं आणि पहिलाच प्रस्ताव आंजीच्या झडत्यांचा लिहिला होता. त्या दिवसापासून त्या ओळी डोक्यातून जात नाहीत, ती म्हणाली. सरांच्या आवाजात काही झडत्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. तिने कॅमेरा लावला, सरांना उजेडात बसवलं. सर म्हणाले, "आधी प्रस्ताव दाखवा."

तिने दाखवला. सरांनी खिशातली पेन्सिल काढली. कॅमेरा सुरूच होता. त्याने दुपारभर एका म्हाताऱ्या माणसाला कागदावर रेघा मारताना टिपलं असणार. झडती एकही म्हटली गेली नाही. मला निरोप आला म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेले तेव्हा सर रंगात आले होते.

"हे काय लिहिलं तुमी? 'आजही शेकडो लोक उत्साहाने झडत्या म्हणतात.' असं लिहून कोनी देते काय? थोडी आजारी दाखवा हिले."

"सर, ती ठणठणीत आहे. मी स्वतः ऐकलंय."

"तुमी ऐकलं. त्याईनं कुठं ऐकलं?"

"पण खोटं कसं लिहायचं?"

"खोटं एक अक्षर नाई लिहाचं. 'शेकडो' काढा. 'अजूनही काही जण झडत्या म्हणतात', असं लिहा. हाये ना खरं? 'अजूनही' लिहिलं का बाई, निरोगी माणूसबी खाटेवर पडते."

ऋजुता हसली, पण तिची अडचण झाली. तिने परंपरेला सुदृढतेचा दाखला दिला होता आणि आता तिच्याच नाडीवर बोट ठेवून ती अशक्त असल्याचं लिहायचं होतं. तिने कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "करा तसं." मी केलं. सरांचं नाव त्यात कुठेतरी घालू या, असं ती म्हणत होती. सरांनी नको म्हटलं. "माह्यं नाव पाह्यलं का त्याईले तथापि आठवते."

पाहायला कोणी आलं नाही. ऋजुताने ज्या संस्थेकडे अर्ज केला होता तिथे कागदावरच निर्णय होत असे.

तोवर सरांची तब्येत उतरली होती. बोलताना दम लागायचा. मी त्यांना शेवटचं पाहिलं ती संध्याकाळ मला लख्ख आठवते, कारण दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेले आणि सर गेल्याचं मला तिथेच कळलं. सरांचा फोन नेहमीसारखा बंद, म्हणून ऋजुताने मला फोन केला होता. मी दुकान तसंच टाकून रस्ता ओलांडला. सर आणि काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

"सर, मंजूर झाला," मी म्हटलं.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोनता?"

"झडत्यांचा."

"पत्र हाये का फोन?"

"दोन्ही. पत्र तिला आलं, फोन मला."

"आनखीन एकदा म्हना बाई."

मी म्हटलं. ते आत गेले, खादीचं जाकीट घातलं, आणि काकू नको नको म्हणत असताना कोपऱ्यावरच्या दुकानातून गोरसपाकाचा, वर्ध्याच्या त्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा घेऊन आले. मग प्रत्येक फाटकात थांबून वाटायला लागले. लोक विचारायचे, काय हो सर, कशाचं? सर सांगायचे, "मंजूर झाला." सगळ्या गल्लीला त्यांचे नामंजूर माहीत होते, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. लोकांनी हात जोडले, पाठ थोपटली, बँकेतल्या शेजाऱ्याने तर वाकून नमस्कार केला. सरांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. मी मागे उभी होते. मीही केला नाही.

वाटत वाटत ते परत आपल्या फाटकाशी आले. काकू तिथे उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात, फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हटलं, "नाव तं त्या पोरीचं हाये. आपला कुठी मंजूर झाला?"

सरांनी डबा त्यांच्यापुढे धरला. दम लागला होता, म्हणून थांबून थांबून बोलले.

"इतके वर्सं नामंजूर व्हाचा, तवा आपलाच होता ना? आता मंजूर झाला, तं कोनाचा म्हून काऊन इचारून राह्यली?"